पोराला शाळा हवी, आणि घरही हवं



मे महिन्यात आमच्या पाड्यावर जंगलप्लॉटची चौकशी झाली. फॉरेस्टवाले आणि तलाठी आले. प्लॉट कधीपासून कसतो, याचा पुरावा मागत होते. माझा पुतण्या आश्रमशाळेत आठवीला आहे, तो सुट्टीवर घरी होता. त्यानं सरकारी कागद खडाखडा वाचून दाखवला. आम्हाला बरं वाटलं. पण बांध कुठून कुठं जातो, आजानं पहिला राब कुठं भाजला, हे विचारल्यावर तो गप्प राहिला. आजाला सगळं तोंडपाठ, पण त्याला कागद वाचता येत नाही. दोघं शेजारी शेजारी उभे होते, आणि दोघांना एकमेकांशी बोलायची सवयच नव्हती.

यात पोराचा दोष नाही. सहाव्या वर्षी त्याला घरातून उचललं. वर्षातून दोनदा घरी येतो, दिवाळीला आणि उन्हाळ्यात. लावणीच्या वेळी तो तिथं, वाघबारशीला बहुतेक तिथंच. मग बांध त्याला कोण दाखवणार? जमीन काही पुस्तकातून कळत नाही. बापाच्या मागं चिखलात चालताना कळते, रात्री चुलीपाशी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकताना कळते.

मीसुद्धा आश्रमशाळेतच शिकलो. पहाटे घंटा, रांग, प्रार्थना, पुन्हा रांग. घरची बोली तोंडातून निघाली की छडी. जन्मतारीख गुरुजींनी 1 जून लिहिली, वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच. एकदा बापूस नागलीची भाकर घेऊन दहा कोस चालत आला. भेटीचा वार नव्हता म्हणून त्याला कुंपणाबाहेरच ठेवलं. भाकर शिपायानं आत आणून दिली. बापूस परत गेला तेव्हा त्याची पाठ तेवढी मला दिसली. त्या वर्षी मी दोनदा पळालो.

पोरं पळाली की साहेब म्हणतात, आदिवासींना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही. खोटं आहे हे. महत्त्व कळतं म्हणूनच आपण काळजावर दगड ठेवून पोरं पाठवतो. दुसरंही कारण आहे, ते लपवायला नको. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तिथं दोन वेळचं जेवण मिळतं. भूक आणि पाटी, दोन्हींसाठी आपण पोराची माया गहाण टाकतो. सावकाराकडं जमीन गहाण पडली ती सुटावी म्हणून आपण लढलो. हे गहाण मात्र आपल्याला दिसतच नाही.

काही जण म्हणतील, शिस्त नको का? हवी. पण घरातही शिस्त असतेच. गुरं वेळेवर सोडावी लागतात, आवण सुकायच्या आत लावावं लागतं. ती शिस्त पोर मायेनं शिकतं. छडीच्या धाकानं शिकलेलं पोर पुढं साहेबासमोर मान खाली घालतं. आपल्याला मान वर करणारी पोरं हवीत.

दुसरी वाट नाही असंही नाही. आपल्याच डहाणू तालुक्यात कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली. पोरं गुरांमागं जातात म्हणून त्यांना दोष दिला नाही. शाळाच कुरणावर नेली. पोरगं घरी झोपलं, गुरंही राखली, अक्षरंही शिकलं. घटनेनं 1950 साली सांगितलं होतं, दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत शिक्षण मिळावं. पोरांना आईबापांपासून तोडा, असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही.

आश्रमशाळा बंद करा, असं मी म्हणत नाही. लांबच्या पाड्यांना आणि मोठ्या वर्गांना त्या लागतीलच. पण आपण मागणी करावी:

1. चौथीपर्यंतची शाळा पाड्यातच हवी, दुपारच्या जेवणासह.
2. पहिली दोन वर्षं पोरांची बोली समजणारा गुरुजी हवा.
3. लावणीला आणि आपल्या सणांना सुट्टी हवी.
4. आईबाप कधीही आले तरी भेट झालीच पाहिजे.

आता जून उजाडला. पत्र्याच्या पेट्या घेऊन पोरं परत निघतील. त्याआधी एक दिवस त्यांना प्लॉटवर न्या. आजाला सोबत घ्या, चारी बांध फिरवा, झाडांची नावं सांगा, आणि ती नावं पोराच्याच हातानं वहीत लिहून घ्या. पुढच्या चौकशीला ती वही कामाला येईल. आणि पाड्याच्या येत्या बैठकीत या मागण्यांवर ठराव घ्या.

— एक कार्यकर्ता