स्वराज्याचा अनुशेष

विदर्भाच्या राजकारणात ‘अनुशेष’ या शब्दाइतका झिजलेला शब्द दुसरा नसेल. १९८४ साली दांडेकर समितीने प्रादेशिक असमतोलाचा हिशेब मांडला आणि तेव्हापासून सिंचन, रस्ते, वीज, शाळा या साऱ्यांचा अनुशेष मोजण्याची आपल्याला सवय लागली. या मोजदादीमागे एक दुखरी आठवणही होती. १९५६ साली नागपूरचे राजधानीपद गेले. १९५३च्या नागपूर कराराच्या आधारे पदरात पडले ते हिवाळी अधिवेशन. ‘मुंबईने आमच्यावर अन्याय केला’ हे वाक्य त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या पुरले.

आता ते पुरत नाही. २०१४ पासून नितीन गडकरी केंद्रात मंत्री आहेत आणि लोकसभेत नागपूरचेच प्रतिनिधित्व करीत आहेत. एकेकाळी या शहराचे महापौर असलेले देवेंद्र फडणवीस २०१४ ते २०१९ मुख्यमंत्री होते आणि डिसेंबर २०२४ पासून पुन्हा त्या पदावर आहेत. निधीही आला, कामेही झाली. मेट्रोचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण झाला, हे नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. या शहराची आखणी कोण करते, आणि ती चुकली तर नागरिकाने जाब कोणाला विचारायचा?

उत्तर शोधू जाता संस्थांचीच जंत्री हाती येते. १९३६च्या कायद्याने आलेला नागपूर सुधार प्रन्यास, १९५१ पासूनची महापालिका, मिहानसाठी २००२ साली स्थापन झालेली विमानतळ विकास कंपनी, मेट्रोसाठी महामेट्रो, पारडी-पुनापूर-भरतवाडा भागाकरिता स्मार्ट सिटीची स्वतंत्र कंपनी, आणि शहराभोवतीच्या शेकडो गावांसाठी २०१७ पासून महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. यांपैकी ज्या एका संस्थेसाठी शहराचा मतदार थेट मत देतो ती महापालिका. आणि तिथेही कार्यकारी अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे. महापौर अडीच वर्षांचा, मुख्यतः मानाचा.

प्रन्यासाचे उदाहरण बोलके आहे. एका सरकारने तो बरखास्त करून महापालिकेत विलीन करण्याचा निर्णय घेतला. २०१९ नंतर आलेल्या सरकारने तो फिरवला. दोन्ही निर्णय मंत्रिमंडळाचे. विलीनीकरण योग्य की अयोग्य, यावर मतभेद होऊ शकतात. परंतु ज्या शहराची जमीन त्या संस्थेच्या नकाशावर आहे, त्या शहराचे मत दोन्ही वेळी निर्णायक नव्हते. मग ७४व्या घटनादुरुस्तीचे काय झाले? १९९३ पासून अमलात असलेल्या या दुरुस्तीने घटनेला बारावी अनुसूची जोडली. तीत नागरी संस्थांकडे सोपवायची जी १८ कामे आहेत, त्यांतले पहिलेच नगरनियोजन आहे.

याची किंमत कागदावर दिसत नाही, लेआउटमध्ये दिसते. ‘५७२’ आणि ‘१९००’ हे नागपुरात नुसते आकडे नव्हेत; अनधिकृत लेआउटच्या दोन याद्यांची ती नावे आहेत. शेतजमिनीचे प्लॉट पडतात; शिक्षक, कारकून, दुकानदार आयुष्याची पुंजी घालून ते विकत घेतात; घरे उभी राहतात, आणि मग सुरू होते ‘आर.एल.’ची वाट पाहणे. २००१ साली गुंठेवारीचा कायदा आला. १ जानेवारी २००१ ही त्याची मर्यादा २०२१च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे सरकवली. आम्ही भाषा शिकवणारी माणसे. ‘नियमितीकरण’ या शब्दापाशी अडखळतो. नियम आधी आणि वस्ती नंतर, हा क्रम उलटला की जे उरते त्याला आपण नियमित म्हणू लागलो आहोत. घर वाचले पाहिजे, यात शंका नाही. दंड सामान्य खरेदीदाराने भरावा हेही न्याय्य नव्हे. पण जी मोकळी जागा, जी नाली, जो रस्ता सुरुवातीलाच सोडला गेला नाही, तो कोणत्याही शिक्क्याने परत येत नाही.

पाणी शिक्के वाचत नाही. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी काठच्या वस्त्यांत शिरली. माणसे दगावली, संसार वाहून गेले. पुढे जनहित याचिका झाली. सांडव्यासमोरील स्मारकाची जागा आणि नदीलगतची बांधकामे यांचे प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आले. नागरिकाला न्यायालयात जावे लागले, कारण दुसरे दार उघडे नव्हते. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. ज्या रात्री पाणी घरात शिरले, त्या रात्री या शहरात एकही नगरसेवक पदावर नव्हता.

नगरसेवक असते तर पूर आला नसता, असे आमचे म्हणणे नाही. नगरसेवकांचा लौकिक आम्ही जाणतो; कंपन्या आणि प्राधिकरणे झपाट्याने काम करतात, हा युक्तिवादही ऐकून आहोत. पण वेग हा जबाबदारीला पर्याय होऊ शकत नाही. वाईट नगरसेवक पाच वर्षांनी घरी बसवता येतो. कंपनीच्या संचालक मंडळाला कोणता प्रभाग पाडणार?

आता १५१ जणांचे सभागृह पुन्हा अस्तित्वात आले आहे. बहुतेक प्रभागांत चौघे-चौघे आहेत, त्यामुळे नालीची तक्रार कोणाकडे न्यावी हा पेच कायम आहे. तरी या सभागृहाने निदान दोन गोष्टी मागाव्यात. शहरात कोणत्याही संस्थेने आखलेली मोठी योजना आधी सभागृहापुढे यावी, आणि नियमित होणाऱ्या प्रत्येक लेआउटच्या नकाशावर नाला, नदी व मोकळी जागा कुठे होती आणि आज कुठे आहे, हे मराठीत प्रसिद्ध व्हावे. यासाठी मुंबईकडे निधी मागावा लागत नाही. मागायचा आहे तो अधिकार. आणि या वेळी तो ज्यांच्याकडे मागायचा, ते आपल्याच गावचे आहेत.