गिनीला जात दिसत नाही

जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने छाती फुगवून सांगितले की, भारत हा जगातला चौथ्या क्रमांकाचा समान देश आहे. आधार काय? जागतिक बँकेने दिलेला 25.5 हा गिनी निर्देशांक. शून्य म्हणजे पूर्ण समानता, शंभर म्हणजे सगळे एकाच्याच घरात. पण हा आकडा ना उत्पन्नाचा, ना मालमत्तेचा. तो 2022-23 च्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीवरून काढलेला. विषमता प्रत्यक्षाहून कमी दिसत असेल, असे बँकेनेच त्या टिपणात लिहिले होते. उत्पन्नावर मोजलेला गिनी 62 असल्याचेही त्यातच होते. त्याचा गाजावाजा मात्र कुणी केला नाही.

'खर्च' कसा फसवतो, ते मीरा रोडच्या नया नगरात पाहा. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतून उठलेली कितीतरी मुस्लीम कुटुंबे मीरा रोडला आली. इथल्या भाडेकरूचे भाडे पाहणीत खर्च म्हणून धरले जाते. शेजारच्या घरमालकाचा गृहकर्जाचा हप्ता धरला जात नाही. म्हणजे ज्याला घर नाही, तोच कागदावर जास्त खर्च करणारा! कर्ज काढून दवाखान्याचे बिल भरले, तर तेही उपभोगातच. पाहणीच्या लेखी ते कुटुंब वर सरकले. उलट श्रीमंताने शेअर घेतले, दुसरा फ्लॅट घेतला, तर ते या हिशेबात येतच नाही.

आमचा खरा आक्षेप यापुढचा आहे. गिनी काढताना माणसांची ओळख पुसली जाते. तळातली आणि वरची घरे एकमेकांच्या जागी ठेवा, आकडा तसाच राहील. बाबासाहेबांनी मांडलेली श्रेणीबद्ध विषमता तर कोण कोणत्या पायरीवर उभा आहे, याचीच आहे. त्याच पाहणीत शहरी भागातला दरडोई मासिक खर्च अनुसूचित जातींचा 5,307 रुपये, जमातींचा 5,414, ओबीसींचा 6,177 आणि 'इतरां'चा 7,333 आहे. शहरात जात उरली नाही म्हणणाऱ्यांनी हे चार आकडे पाठ करावेत.

आणि हे 'इतर' तरी कोण? ओबीसी यादीत नसलेला नया नगरचा मुस्लीम रिक्षावाला आणि दक्षिण मुंबईतला सवर्ण बंगलेवाला एकाच रकान्यात. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित मुस्लीम अनुसूचित जातींत मोजलाच जात नाही. बौद्धांसाठी 1990 मध्ये कायदा बदलला. आपले झाले, आता बाकीच्यांचे ते पाहतील, ही वृत्ती आम्हाला मान्य नाही.

जातनिहाय जनगणना होणार आहे, पण जनगणना घरखर्च विचारत नाही. म्हणून उपभोग खर्चाचे तक्ते जात आणि धर्म एकत्र धरून प्रसिद्ध करा, ही मागणी आत्ताच लावून धरली पाहिजे. तोवर "समानता आली, आता आरक्षण कशाला?" म्हणत कुणी 25.5 तोंडावर फेकला, तर त्याला याच पाहणीतले दोन आकडे दाखवा. शहरातल्या तळच्या पाच टक्क्यांचा दरडोई मासिक खर्च 2,001 रुपये, वरच्या पाच टक्क्यांचा 20,824. आणि मग विचारा, त्या तळच्या पाच टक्क्यांत तुमच्या आळीतली घरे किती?