मुठेकाठचा फेरफटका
पुण्याच्या संभाजी उद्यानात जंगली महाराज रस्त्यावरून शिरावे आणि मुठेच्या अंगाने सावकाश चालत राहावे. याहून सोपा फेरफटका शहरात क्वचितच असेल. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र तो तितकासा सोपा वाटू नये. याच उद्यानातील राम गणेश गडकरी यांचा अर्धपुतळा ३ जानेवारी २०१७ रोजी उखडून नदीत टाकण्यात आला. आक्षेप होता तो 'राजसंन्यास'मधील संभाजीराजांच्या चित्रणावर.

हा आक्षेप निराधार नाही. विलासी, व्यसनाधीन संभाजी ही प्रतिमा रूढ होण्यात मराठी नाटकांचाही वाटा आहे, आणि समीक्षेने तो नाकारू नये. पण त्या प्रतिमेला खरे उत्तर दिले ते वा. सी. बेंद्रे यांनी. वर्षानुवर्षे कागदपत्रे धुंडाळून सिद्ध केलेले त्यांचे संभाजीचरित्र १९६० साली प्रसिद्ध झाले.

गडकरी १९१९ साली, वयाच्या ३४व्या वर्षी गेले. नाटक अपुरेच राहिले. पुतळा बुडवल्याने त्यातले एक वाक्यही बदलले नाही. चरित्राने मात्र ते वाचण्याची दृष्टीच पालटली. म्हणूनच वर्गात 'राजसंन्यास' शिकवायचे, तर बेंद्रे शेजारी ठेवूनच शिकवावे.