अस्वलाचा हिशेब आणि रोह्याचा



रात्रभर माळ्यावर जागल करणाऱ्याला अमेरिकेतल्या अस्वलाची गोष्ट कशाला, असे कोणी विचारेल. पण गोष्ट कामाची आहे.

न्यू जर्सी हे तिथले छोटे, दाट वस्तीचे राज्य. काळी अस्वले फार थोडी उरली म्हणून 1970 नंतर शिकार बंद झाली. मग ती वाढली आणि अंगणात, मक्यात शिरू लागली. 2003 साली पुन्हा परवानगी मिळाली, त्या हंगामात 328 अस्वले मारली गेली. पुढे शिकारबंदीचे वचन देऊन फिल मर्फी गव्हर्नर झाले आणि 2021 साली शिकार थांबली. 2022 च्या पहिल्या दहा महिन्यांत तक्रारी आदल्या वर्षाच्या तिपटीवर गेल्या, तेव्हा त्याच मर्फींनी डिसेंबरात शिकार सुरू केली. शब्द फिरवला म्हणून त्यांच्यावर टीका झाली. आम्हाला मात्र आकडे पाहून शब्द फिरवणारा पुढारी परवडतो.

तिथे बंदुकीपेक्षा हिशेब मोठा आहे. सरकारी माणसे अस्वले पकडून कानाला बिल्ले लावून सोडतात. शिकाऱ्याला मारलेले अस्वल तपासणी नाक्यावर आणून दाखवावेच लागते. बिल्लेवाल्यांतली 30 टक्के मारली गेली की हंगाम बंद! फ्लोरिडात 2015 साली आठवडाभराच्या हंगामात 320 ची मर्यादा होती. दोनच दिवसांत 304 गेली आणि शिकार थांबवावी लागली. गडबड झाली खरी, पण मोजत होते म्हणून थांबवता आली. वर बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा 1937 च्या कायद्याने वन्यजीवांच्याच कामी लागतो.

विरोधक म्हणतात, कचऱ्याच्या पेट्यांना घट्ट झाकणे लावा, अस्वल येणार नाही. बरोबर आहे. पण चाळीस एकर ज्वारीला झाकण कोठून आणायचे?

आपल्याकडे 1972 च्या कायद्याने दोनच टोके ठेवली. एक तर परवान्यासाठी अर्ज घेऊन हेलपाटे घाला, आणि परवान्याने मारलेले जनावर कायद्याने सरकारचे. नाही तर बिहारसारखे. तिथे डिसेंबर 2015 मध्ये रोही आणि रानडुक्कर वर्षभरासाठी उपद्रवी ठरवले. 2016 साली मोकामा भागात हैदराबादहून आलेल्या शिकाऱ्यांनी दोनशेवर रोही पाडली. दिल्लीत दोन केंद्रीय मंत्री जाहीरपणे भांडले. मुळात रोही होती किती, किती ठेवायची, हे दोघांपैकी कोणी सांगितले नाही.

आपल्यातले काही जण म्हणतात, सरसकट बंदुका द्या. आम्हाला ते मान्य नाही. तारेत करंट सोडून जनावराबरोबर शेजारचा पोरही जातो, हे आपण पाहिले आहे. आपले अस्वलही पहिल्या अनुसूचीत आहे, तिथेच राहू दे. मागणी एवढीच: रोही आणि डुकरांची तालुकावार मोजणी, हंगामापूर्वी जाहीर मर्यादा, आणि ती भरली की बंदी.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने लिहून आणावे: यंदा जागल किती रात्री केली, ज्वारी किती एकर सोडून दिली, पंचनामे किती झाले आणि पैसे कितींना मिळाले. मोजणीची सुरुवात आपल्याकडून होऊ द्या.