वीरगळ उचलण्यापूर्वी

धाराशिव जिल्ह्यातील कोणत्याही जुन्या गावात, वेशीतून आत शिरून महादेवाच्या किंवा मारुतीच्या देवळापाशी क्षणभर थांबले, म्हणजे पाराच्या कडेला, पिंपळाच्या मुळांत अर्धवट गुरफटलेले आणि शेंदराने माखलेले, दोन-अडीच हात उंचीचे काही दगड बहुधा दृष्टीस पडतात. परण्या निघालेला नवरदेव मारुतीला जाता जाता त्यांच्याही पाया पडतो. परंतु ते कोणाचे, असे विचारल्यास म्हातारी माणसे ‘कुणी वीर असंल’ यापलीकडे काही सांगू शकत नाहीत. गेली काही वर्षे देवळांचे जीर्णोद्धार झपाट्याने होत आहेत, आणि त्या धांदलीत हे दगड उपटून नव्या कुंपणालगत सिमेंटात ओळीने बसवले जातात, फरशीखाली गाडले जातात, किंवा गावाबाहेरच्या नाल्यात लोटले जातात. या प्रकाराविरुद्ध आज लिहावेसे वाटते.

या दगडांना आपण वीरगळ म्हणतो. हा शब्दच कानडी ‘वीरगल्लु’वरून आलेला असून ‘कल्लु’ म्हणजे दगड. कल्याणीच्या चालुक्यांच्या अमलात हा मुलूख दोन भाषांच्या संगमावर नांदत होता, याची साक्ष त्या नावातच उरली आहे. वीरगळ खालून वर वाचावा लागतो. सर्वांत खालच्या चौकटीत वीर धारातीर्थी पडलेला असतो, आणि त्याच्या उशाशी गुरे कोरलेली असतील तर तो गाईगुरे सोडवताना पडला असे समजावे. मधल्या चौकटीत ढाल-तलवारीचे द्वंद्व. त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेत आहेत. आणि शेवटी तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे, वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर ही कीर्ती राहावी. शेजारी पुष्कळदा सतीशिळा असते: कोपरात वाकवलेला एक हात, आणि मनगटात अभंग बांगड्या. त्या हाताचा गौरव करावा असे मला मुळीच वाटत नाही. पण ती स्त्री होऊन गेली, तिच्यावर तो प्रसंग ओढवला, आणि तिची दुसरी कोणतीही खूण जगात उरलेली नाही, म्हणून तो दगड फेकून देण्याचा अधिकारही आपल्याला पोचत नाही.

महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर एकही अक्षर नाही. म्हणून त्यांची अर्धी साक्ष कोरीवकामात असते, तर उरलेली अर्धी ते ज्या जागी उभे आहेत त्या जागेत असते. शिवेवरचा वीरगळ शिवेच्या तंट्याविषयी काही सुचवतो, एकाच ठिकाणी उभे असलेले पाच-सात वीरगळ एखाद्या मोठ्या धाडीचा तर्क करू देतात, आणि त्यांच्या पायाखालची माती ते केव्हा रोवले गेले हे सांगू शकते. ते उचलून शोभेसाठी रांगेत लावले की मूर्ती शिल्लक राहते आणि साक्ष पुसली जाते.

जागेवरच राहिलेली साक्ष किती बोलू शकते, याचे एक दूरचे उदाहरण पाहा. इंग्लंडातील यॉर्कशर परगण्यात व्हॉरम पर्सी नावाचे एक मध्ययुगीन ओसाड खेडे आहे. वस्ती उठली, शेतांची मेंढ्यांसाठी कुरणे झाली, आणि गावच्या चर्चचे पडके बांधकाम तेवढे मागे राहिले. १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षे मॉरिस बेरेसफर्ड व जॉन हर्स्ट यांच्या पुढाकाराने तेथे उत्खनन चालले, आणि चर्चच्या आवारातून जवळपास सातशे सांगाडे निघाले. त्यांच्या अभ्यासातून असे दिसले की तेथील चौदा वर्षांचे मूल उंचीने आजच्या दहा वर्षांच्या मुलाएवढेच भरत असे, आणि आया लेकरांना सुमारे दीड वर्षापर्यंत अंगावर पाजत असत. ज्या कुणब्यांची राजदप्तरात फारशी दखल नव्हती, त्यांची भूक आणि त्यांची माया त्यांच्या अस्थींनी सांगितली.

आपल्याकडे दहनाची चाल असल्यामुळे अशा अस्थी हाती लागत नाहीत. लिंगायतांची दफनभूमी, मुसलमानांचे कबरस्तान आणि साधुसंतांच्या समाध्या यांसारखे काही अपवाद. आणि त्यांना आस्थेपोटी कोणी हात लावू देणार नाही, हेही योग्यच आहे. म्हणजे सामान्य मृतांच्या बाबतीत पार आणि देवळाचे आवार हेच आपले दफ्तर. तेही पुरते नाही, कारण दगड सर्वांच्या वाट्याला आला नाही. १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा आणि त्यांच्यासोबतचे मजूर गाडले गेले, आणि ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनी येत होता ती चोखोबांची म्हणून नामदेवांनी ओळखली, असे परंपरा सांगते. त्या अस्थींना जागा मिळाली ती पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराच्या महाद्वाराबाहेर. कोण आत आणि कोण बाहेर, हे त्या समाधीची जागाच सांगते. ती समाधी उद्या दोनशे हात दूर हलवली तर तिचा अर्थच नाहीसा होईल.

जागेचे हे मोल आमच्याच जिल्ह्यातील तेरने पुरेपूर शिकवले आहे. ग्रीक-रोमन लेखकांचे तगर ते हेच, हे अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले. त्यानंतर लवकरच हेन्री कझिन्स यांनी येथील जुन्या विटांच्या वास्तूंचे वर्णन केले. त्रिविक्रमाचे गजपृष्ठाकार देऊळ चैत्यगृहाची घडण अजूनही पाठीवर वागवीत उभे आहे, आणि तेरणेच्या काठी गोरोबाकाकांच्या समाधीपाशी चैत्र वद्यात यात्रा भरते. रामलिंगप्पा लामतुरे यांनी येथील हजारो वस्तू आयुष्यभर जिवापाड जपल्या आणि त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय त्यातून उभे राहिले. हे ऋण फेडता येणारे नाही. तथापि मातीपासून सुटून आलेल्या वस्तूला ‘तू कोणत्या थरातली?’ असे विचारता येत नाही, आणि त्या उत्तरासाठी १९५८ साली पुरातत्त्वज्ञ चापेकरांना शास्त्रशुद्ध उत्खननच करावे लागले.

जीर्णोद्धाराला माझा विरोध नाही. गळके छत असलेल्या देवळात गावाने पूजा करीत राहावी असे कोण म्हणेल? शिवाय जी बाई दर शनिवारी या दगडावर तेल घालते, तिने तो जागेवर राखला आहे. सरकारी फलकाने इतके रक्षण क्वचितच केले असेल. माझी मागणी एवढीच, की दगड हलवण्यापूर्वी त्याचा पंचनामा व्हावा. इंग्लंडात चर्चच्या आवारातील जुना स्मृतिशिलाखंड हलवायचा तर धर्मपीठाच्या न्यायाधीशाची लेखी परवानगी लागते, आणि तेथील माणसे काही आपल्याहून कमी श्रद्धाळू नव्हेत. आपल्याकडील १९६० च्या राज्य कायद्याचे कवच घोषित स्मारकांपुरते आहे. पारावरचा वीरगळ घोषित होण्याची वाट पाहत बसलो तर तो तोवर उरणार नाही.

म्हणून हे काम गावाच्या पातळीवरच झाले पाहिजे, आणि त्याला निधीही लागत नाही. ग्रामसेवक, तलाठी आणि देवस्थानचा एक पंच यांनी मिळून दगडाची उंची-रुंदी मोजावी, त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते लिहावे, देवळाच्या उंबऱ्यापासूनचे अंतर टेपने घ्यावे, मोबाइलवर चारही बाजूंची छायाचित्रे व स्थान टिपावे, गावातील वृद्ध त्याला काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत उतरवावे, आणि हा कागद ग्रामपंचायतीच्या दफ्तरी ठेवून एक नक्कल तहसीलमार्गे पुरातत्त्व खात्याकडे पाठवावी. जीर्णोद्धाराच्या ज्या कामाला सरकारी निधी मिळतो, त्याचा पहिला हप्ता या कागदाशिवाय सुटू नये. एका देवळापुरते हे काम अर्ध्या दिवसात होईल, आणि देवळांची कामे बहुधा उन्हाळ्यातच निघतात. तेव्हा पाडवा उलटण्याच्या आत, कुदळ पडण्यापूर्वी, टेप आणि वही घेऊन पारावर जायला हवे.