हळदीच्या आधी पाणी

मांजर मुलांनी हट्टाने आणलेलं असतं, कुत्र्याचं पिल्लू ‘ह्यांनी’ कुणा मित्राकडून उचललेलं असतं. पण त्यातलं कुणी लंगडत घरी आलं की हाक एकच येते, “आई, बघ गं ह्याला काय झालं!” मग आपण गॅस बारीक करतो आणि हळदीचा डबा घेऊन अंगणात जातो. मैत्रिणींनो, आज मला त्या डब्याबद्दलच बोलायचंय.

हळदीशी माझं वैर नाही. पण फोडणीच्या डब्यातल्या हळदीला ओले हात, उष्टे चमचे लागलेले असतात. त्याहून मोठी अडचण तिच्या रंगाची. पिवळ्या लेपाखाली जखम लाल झालीय की पू धरलाय, काही म्हणता काही दिसत नाही. आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या बोक्याला मानेवर दुसऱ्या बोक्याने चावलं होतं. वरून नुसती दोन टिंबं. काकूंनी हळद-तेल थापलं. चौथ्या दिवशी बोका खाईना, अंग तापलेलं. लेप धुतला तर खाली लिंबाएवढं गळू! मांजराचा दात सुईसारखा असतो. तो घाण आत खोलवर नेतो आणि वरची कातडी लगेच मिटते. म्हणूनच मांजराच्या चाव्याची जखम कितीही लहान दिसली तरी तिला मी किरकोळ म्हणत नाही.

मग घरी करायचं काय? तर धुवायचं, आणि भरपूर धुवायचं. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात चहाचा सपाट चमचाभर मीठ घाला. सुई काढलेल्या सिरिंजने त्याची धार जखमेवर सोडत राहा. त्याआधी भोवतीचे केस कापा, नाहीतर तेच जखमेत चिकटतात. रक्त येत असेल तर आधी स्वच्छ फडकं दाबून धरा, आणि पाच-दहा मिनिटं उचलून बघायचा मोह आवरा. धुऊन झालं की पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. बस्स. पट्टी शक्यतो नकोच. घट्ट बसली तर पंजा सुजतो, ओली राहिली तर जखम कुजते.

दुखताना आपलाच लाडका आपल्याला चावू शकतो, हे मात्र गृहीत धरा. मांजराला जाड टॉवेलात गुंडाळा. कुत्र्याच्या तोंडाला जुन्या ओढणीची पट्टी बांधून कानांमागे गाठ मारा. पण तो ओकत असेल, धापा टाकत असेल किंवा चपट्या नाकाचा असेल तर असं बांधू नका. आणि “चाटून बरी होते” ह्यावर विश्वास ठेवू नका. चाटून चाटून जखम चिघळते. दवाखान्यात गळ्यात घालायची प्लॅस्टिकची कॉलर मिळते, ती दोन-चार दिवस केविलवाणी दिसली तरी राहू द्या.

आता घरातल्या बाकीच्या बाटल्या. डेटॉल, फिनेल मांजराच्या जवळपासही नको. अंगाला लागलेलं ते चाटतं आणि विषबाधा होते. जखमेत अळ्या दिसल्या की आपल्याकडे रॉकेल ओततात, डांबराच्या गोळीची पूड भरतात. त्याने आधीच उघडं पडलेलं मांस भाजतं आणि विष अंगात भिनतं ते वेगळंच. पावसाळ्यात माशीने घातलेल्या अंड्यांतून एका दिवसातही अळ्या निघतात. अशी जखम घरची नव्हे, डॉक्टरांची. आपल्या गोळ्यांचंही तसंच. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होतात. “मुलाला देते तीच अर्धी दिली,” हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय.

जखमेच्या कडा फाकल्या असतील, दहा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल, वास येत असेल, डोळ्याजवळ किंवा सांध्यावर लागलं असेल, तर तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात त्याच दिवशी न्या. टाके घालायचे तर पहिले काही तासच मोलाचे असतात. “कुत्र्या-मांजरासाठी कसला डॉक्टर?” असं घरातलं मोठं माणूस म्हणेलच. त्यांना सांगा, गळू वाढल्यावरचा खर्च जास्त असतो. हिशेबाची भाषा लवकर समजते, असा माझा अनुभव आहे.

एक मात्र अजिबात हसण्यावारी नेऊ नका. आपल्या कुत्र्याला बाहेरच्या कुत्र्याने चावलं असेल तर त्या जखमेवर त्याची लाळ असते, आणि आपल्या हाताला भाजी चिरताना कापलेलं असतंच. हातमोजे नसतील तर स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी हातात घाला. कुत्र्याला दरवर्षीची रेबीजची लस दिलेली असली तरी चाव्यानंतर डॉक्टरांना दाखवायचंच. तुम्हाला दात किंवा नख लागलं, उघड्या जखमेवर लाळ लागली, तर ती जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. तिखट नको, चुना नको. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की जवळपास कुणीच वाचत नाही. लस वेळेत घेतली तर तो टाळता येतो, आणि ती सरकारी दवाखान्यात मिळते. स्वयंपाक उरकते, मुलं शाळेतून आली की जाते, असं करू नका. भाजी तशीच झाकून ठेवा आणि निघा.