गोधडीची मजुरी

जळकोटसारख्या गावी लुगडे जीर्ण झाले म्हणून ते टाकून देण्याची रीत नाही. त्याची गोधडी होते. वर-खाली लुगडी, मध्ये धोतराचे व सदऱ्यांचे तुकडे, आणि कडेपासून मध्यापर्यंत दाट धावदोरा. ही विद्या सासूकडून सुनेकडे आली. तीस ना शाळा लागली, ना पुस्तक. परंतु ह्या श्रमास आपण 'रिकामपणाचा उद्योग' म्हणतो व त्याचे मोल चुकते करण्यातून सुटतो. हा न्याय नव्हे.

बंगालची नक्षी काँथाही जुन्या साड्यांचे थर धावदोऱ्याने शिवूनच निपजली. तीस २००८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सुई हे स्वावलंबनाचे साधन आहे, हे तर रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यास उभारलेल्या सेवासदनाने शिवणाचे वर्ग चालवून केव्हाच दाखविले.

कोणी व्यापारी म्हणेल की, यंत्रावरील चादर स्वस्त मिळत असता गोधडी कोण घेणार? आमचे उत्तर असे की, गोधडीचा भाव चिंधीवरून नव्हे, टाक्यावरून ठरवावा. शिवणारीचे दिवस मोजावे, मजुरी आधी धरावी, नफा मागून. शिंप्यांनी कातरण उकिरड्यावर न टाकता गावच्या बचत गटास द्यावी. आणि पैसा शिवणारीच्याच हाती पडावा. मायेने पांघरलेल्या गोधडीस मोल नसते, हे खरे. विकलेल्या गोधडीस मात्र ते असलेच पाहिजे.